माशावर बसलेला पोरगा

प्रश्न : आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले. त्यांच्या ट्रंकेत चांदीचं एक नाणं निघालं. एका बाजूला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला माशावर बसलेला नागडा मुलगा आणि 'टी ए पी ए' अशी काही अक्षरं. सराफ म्हणतो, चिंचेनं घासून आणा, चांदीच्या भावानं घेतो. मुलगा म्हणतो, परदेशात विकू. काय करावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : चिंच आमटीत घाला, नाण्याला लावू नका. त्यावरचा काळपटपणा हीच त्याची अब्रू.

तो 'पी' ग्रीकांचा 'र' आहे. अक्षरं 'तारास' अशी वाचायची. तारास म्हणजे आजचं इटलीतलं तारांतो बंदर. स्पार्टातून आलेल्या लोकांनी ते इ.स.पू. 706 मध्ये वसवलं अशी परंपरा आहे. लोकर आणि समुद्री शिंपल्यांपासून काढलेला जांभळा रंग यांवर गाव गबर झालं. मासा म्हणजे डॉल्फिन. त्यावरचा पोरगा तारास, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. बापाला बघायचं असेल तर लांब जायला नको. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली त्याची छोटी ब्राँझमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. घोडेस्वारही उगाच नाही, तिथलं घोडदळ नावाजलेलं होतं.

आजोबांचा धागा जुळतो. सप्टेंबर 1943 मध्ये आपली आठवी इंडियन डिव्हिजन तारांतोलाच उतरली, आणि तिच्यात मराठ्यांची पलटण होती. पण म्हणून नाणं अस्सल ठरत नाही हो! फौजी उतरले की बंदरात 'जुन्या' वस्तू विकणारे गोळा होतातच.

सराफाकडून एवढंच काम घ्या : नाजूक काट्यावर वजन. जुनी नाणी साधारण 7.9 ग्रॅमची; इ.स.पू. 280 च्या सुमारास, पिऱ्हस राजा रोमशी लढायला आला तेव्हा, ती साडेसहावर आली. मग भिंग घेऊन कड बघा. खरं नाणं हातोड्यानं ठोकलेलं असतं. चित्र एका बाजूला सरकलेलं, कडेला बारीक चीर, तर घाबरू नका. कडेवरून गोल फिरणारी शिवण किंवा अंगावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर मात्र ते साच्यात ओतलेलं समजा.

मुलाला आवरा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. वजन कळवा, कडेचा फोटो पाठवा. किमतीचं नंतर बोलू.