संत थॉमस : ३ जुलै की २१ डिसेंबर?

प्रेषित थॉमसचा सण एका पुस्तकात २१ डिसेंबर आणि दुसऱ्यात ३ जुलै, मग खरा कोणता, असं तुम्ही विचारलंय. संतचरित्रांची पुस्तिका करताना मीही यात पुरता अडकलो होतो.

१९६९ साली पोप पॉल सहावे यांनी कॅथोलिक चर्चचं संतांच्या सणांचं कॅलेंडर नव्यानं लावलं, त्यात थॉमस डिसेंबरातून जुलैत आला. संत मोनिका ४ मेवरून २७ ऑगस्टला गेली, लेकाच्या म्हणजे ऑगस्टीनच्या सणाच्या आदल्या दिवशी. त्यामुळे पुस्तक कुठल्या साली छापलंय ते आधी बघा. जुन्या लॅटिन विधीनं मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करणारे आजही २१ डिसेंबरच पाळतात, त्यांच्याशी वाद घालू नका.

मला खरा मनस्ताप दिला तो मजकूर तपासणाऱ्या एका कार्यालयानं. नाव घेत नाही. ‘सण म्हणजे पुण्यतिथी’ हा त्यांचा ठाम समज. बहुतेक संतांना तो लागू पडतोही, पण सगळ्यांना नाही. अँब्रोजचा सण ७ डिसेंबरला, कारण त्या दिवशी ते बिशप झाले. यांनी मृत्यूची तारीख शोधून ४ एप्रिल केला. आविलाची तेरेजा १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या रात्री वारली, आणि मधले दहा दिवस गाळून ग्रेगरी कॅलेंडर लागू होत असल्यानं दुसऱ्या दिवशी तारीख उजाडली ती १५ ऑक्टोबर! सणही १५ लाच. यांनी तिला ४ ला नेऊन बसवलं, जिथे असिसीचे फ्रान्सिस आधीच होते. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा २४ जून तर उडवलाच, जन्मदिवस म्हणून. पत्रं लिहिली. उत्तर एकच, ‘नियमाप्रमाणे दुरुस्त केले आहे.’ कुठला नियम, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुस्तिका तशीच छापली गेली.

म्हणून माझं स्पष्ट मत : चरित्रातल्या मृत्यूच्या तारखेवरून सण कधीही ठरवू नका. चालू वर्षाचं उपासनेचं कॅलेंडर घ्या आणि तेच प्रमाण माना. मी धर्मगुरू नाही. शिवाय धर्मप्रांतांची आणि संन्यासी संघांची आपापली कॅलेंडरं असतात, तेव्हा तुमच्या फादरांना एकदा विचाराच.

नावं पूर्ण लिहा, हेही जाता जाता सांगतो. लिझ्यूची तेरेजा १ ऑक्टोबरला, आविलाची १५ ला. मठवासी अँथनी १७ जानेवारीला, पादुआचे १३ जूनला. आणि ख्रिस्तोफरला ‘संतपदावरून काढलं’ असं कुणी सांगितलं तर खुशाल दुर्लक्ष करा. १९६९ मध्ये त्यांचा दिवस फक्त जागतिक कॅलेंडरातून वगळला, स्थानिक पातळीवर २५ जुलै पाळायला आजही मुभा आहे.