कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये जुना चिनी मार्शल आर्ट्सचा चित्रपट दाखवायचा आहे. कोणता निवडू, आणि मुलं मध्येच उठून जाऊ नयेत म्हणून काय करू?

दिग्दर्शक किंग हूचा 'अ टच ऑफ झेन' (1971) लावा. आणि कोणी कितीही आग्रह धरला तरी सुरुवातीचा तास कापू नका.

तैवानमध्ये शिनचूला पीएचडी करत होतो तेव्हा आमच्या कॅम्पसवर हाच चित्रपट कापून दाखवला. क्लब बघणारा सीनियर आपलाच, मराठी. त्याचं म्हणणं, "पहिली मारामारी तासाभराने येते, तोवर हॉल रिकामा होईल." मी भरपूर भांडलो. त्याने ऐकलं नाही, थेट तलवारी निघतात तिथून लावला.

आता त्या तासात काय आहे ते बघा. नायक लोकांची चित्रं काढून पोट भरतो, आईबरोबर एका ओसाड गढीजवळ राहतो. गढीत भूत आहे अशी बोलवा. रात्री आवाज येतात, हा घाबरत घाबरत आत डोकावतो. पुढे त्याच बोलवेचं तो हत्यार करतो. चीनच्या मिंग राजघराण्याच्या दरबारातल्या खोजांची माणसं चालून येतात तेव्हा गढीत बुजगावणी आणि सापळे लावून त्यांना भुताच्या भीतीनेच गारद करतो. सकाळी आपली करामत बघत, एकेका बुजगावण्यापाशी थांबत, खदाखदा हसत फिरतो. मग पडलेली प्रेतं दिसतात आणि त्याचं हसू थिजतं. आमच्या हॉलमध्ये शेजारचा मुलगा मला विचारत होता, "हा एवढा का हसतोय?" लोक उठले ते तेव्हा, काहीच कळेना म्हणून. "मुलांना धीर नसतो" हे आयोजकांचं बोलणं आहे, प्रेक्षकांचं नव्हे.

मारामारी बसवणारा हान यिंगजी पेकिंग ऑपेरात, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी रंगभूमीवर तयार झालेला. म्हणून पात्रं आधी थबकतात, एकमेकांना जोखतात, मग झेपावतात. ते थबकणं समजायलाही आधीची शांतता लागते.

मध्यंतर बांबूच्या बनातल्या झुंजीनंतर घ्या. तैवानात चित्रपट मुळात दोन भागांत आला होता आणि पहिला भाग या झुंजीवरच संपायचा.

हो, चित्रपट तीन तासांचा आहे. हॉल दोनच तास मिळणार असेल तर किंग हूचाच 'ड्रॅगन इन' (1967) लावा, पण अख्खा. प्रत मात्र नव्याने दुरुस्त केलेलीच घ्या, जुन्या प्रतींत रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात. आणि प्रदर्शनाच्या हक्कांचं आधी विचारून ठेवा, ते काम ऐनवेळी होत नाही.