शेवटच्या राऊंडनंतर एचआर गप्प झालं असेल तर

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. शेवटची मुलाखत होऊन तीन आठवडे झाले, पोर्टलवर अजून 'अंडर रिव्ह्यू', एचआर 'प्रोसेस चालू आहे' यापलीकडे बोलत नाही, आणि दुसऱ्या ऑफरला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. थांबू का, असं विचारलंय तुम्ही. माझं स्पष्ट मत: त्यांच्या भरवशावर थांबू नका.

'प्रोसेस चालू आहे'चा अर्थ पुष्कळदा असा असतो की पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलीये आणि तुम्हाला राखीव ठेवलंय. तो नोटीस पिरियड संपवून रुजू होईपर्यंत तुम्हाला 'नाही' कळवत नाहीत, कारण तो ऐनवेळी फिरला तर तुम्ही हाताशी हवे असता.

एका कंपनीने (नाव लिहीत नाही) माझ्याशी हेच केलं. सगळे राऊंड झाले, पगाराची बोलणी झाली, रुजू कधी होणार तेही विचारून झालं. फोन केला की एचआरमधल्या बाई 'फक्त वरून अप्रूव्हल यायचंय' म्हणायच्या. तोवर दुसरीकडची ऑफर हातची गेली. मग एक दिवस लिंक्डइनवर त्याच पदावर रुजू झालेल्या माणसाचा फोटो दिसला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि खाली त्याच बाईंचं अभिनंदन. माझ्या पोर्टलवर तेव्हाही 'अंडर रिव्ह्यू' होतं. नकाराची मेल त्यानंतर आली, नो-रिप्लाय पत्त्यावरून, 'प्रिय'पुढे नावाची जागा कोरी. नकार दिला याचा राग नाही, कुणाला घ्यायचं तो त्यांचा हक्क आहे. पण दुसऱ्याला घेतलंय हे माहीत असताना अप्रूव्हलचं कारण सांगत राहणं हा अन्याय आहे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून फोन नको, आजच मेल टाका. दुसऱ्या ऑफरची मुदत तारखेसह लिहा आणि सरळ विचारा, 'या पदासाठी आणखी कुणाला ऑफर दिली आहे का?' मुदतीआधी धड उत्तर आलं नाही तर तो नकारच समजा. तुमच्या बाबतीत खरोखर मंजुरीच अडकलेली असू शकते, नाही असं नाही. पण मग तसं लेखी सांगायला त्यांना काय हरकत आहे?

छापील मेल रेझ्युमे पाहून नाकारलेल्यांना ठीक आहे. मुलाखतीला बोलावून माणसाचे तास घेतले असतील, तर नावानिशी आणि वेळेत कळवलंच पाहिजे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून तसा नियमच आहे: २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. असं सगळीकडे व्हायला हवं.

नकार आलाच तर 'अधिक अनुरूप उमेदवार मिळाला' या वाक्यात अर्थ शोधत बसू नका. भेदभावाचा दावा होईल या भीतीने कंपन्या खरं कारण सहसा लेखी देत नाहीत. कारण हवंच असेल तर एचआरला नाही, ज्यांनी तांत्रिक मुलाखत घेतली त्यांना विचारा, आणि तेही नेमकं: 'अमुक विषयात मी कमी पडलो का?' 'फीडबॅक द्या' एवढंच लिहिलं तर बहुधा उत्तर येत नाही.

मी एचआरमधली नाही, हे सगळं खासगी नोकऱ्यांपुरतं. सरकारी भरतीत गुणवत्ता यादी, प्रतीक्षा यादी असते, तिथलं गणित वेगळं.

आणि हो, जाहिरातीचा मजकूर आत्ताच सेव्ह करून ठेवा. पद भरलं की ती काढून टाकतात, आणि पुढे पुन्हा बोलावणं आलं तर पदाचं नेमकं काम काय लिहिलं होतं ते बघायला काहीच उरत नाही.