मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंब घातले की आईचा डोळा जळतो, खुपतो. थेंब बंद करू का?

तीन आठवडे झालेत आणि वाळू गेल्यासारखं खुपणं आत्ता सुरू झालंय, असं तुम्ही लिहिलंय. मग लेन्सला शिव्या देण्याआधी बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मेडिकलच्या काउंटरवर मी हे रोज सांगतो आणि रोज कुणीतरी म्हणतंच, "ऑपरेशनच बिघडलंय हो."

प्रिझर्व्हेटिव्हच्या ओळीत 'बेन्झाल्कोनियम क्लोराइड', पुढं ०.०१ किंवा ०.०२ टक्के, असं दिसेल. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात, पण जात त्याची साबणाची. अश्रूंवरचा तेलकट थर फोडतं, बुबुळावरच्या पेशी झिजवतं. एका बाटलीनं फारसं बिघडत नाही. पण स्टेरॉइड ६ वेळा, सुजेचा दुसरा थेंब ३ वेळा, अँटिबायोटिक ४ वेळा, म्हणजे दिवसाला १३ थेंब झाले. त्यात ऑपरेशनच्या चिरेत बुबुळाच्या बारीक नसा तुटलेल्या, अश्रू आधीच कमी. डॉक्टर केशरी पट्टी लावून निळ्या उजेडात बघतात तेव्हा हिरवे ठिपके चमकतात, ते याच झिजेचे. टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक जास्त दिवस चाललं तरी तेच.

एका वेळी एकच थेंब. दुसरा गालावरच जातो. दोन औषधांत ५ मिनिटं सोडा. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. घशात कडू लागलं तर दाब नीट बसला नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा दुधाळ थेंब हलवूनच घाला, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. मलम सगळ्यात शेवटी.

स्टेरॉइड मनानं तोडू नका, सूज उलटते. ते डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्यानं उतरवायचं. त्यांना एवढंच विचारा: अँटिबायोटिक अजून लागतंय का, आणि बिनप्रिझर्व्हेटिव्हचं काही मिळेल का? कृत्रिम अश्रू घेतलेत तर ०.५ टक्के कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोजच्या एकवेळच्या कुप्या घ्या. मोठ्या बाटलीत पुन्हा तेच बेन्झाल्कोनियम असलं, तर पैसे देऊन जळजळ विकत घेतली.

जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइडची बाटली मागणाऱ्यांशी आणि ती देणाऱ्या दुकानदारांशी माझं कधी जमलं नाही. "लाली जाते की!" जाते. पण काहींच्या डोळ्याचा दाब काही आठवड्यांत चढतो, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि नजरेची नस गेली की परत येत नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, मी देत नाही.

हां, आईंना शुगर किंवा संधिवात असेल तर नेपाफेनॅक, केटोरोलॅकसारखे सुजेचे बिनस्टेरॉइड थेंब सांगितल्यापेक्षा जास्त दिवस घालू नका. क्वचित बुबुळ विरघळायला लागतं. गुऱ्हाळाचा धूर आणि मिरची कुटायचा डंका सध्या लांबच. आणि नजर कमी झाली, ठणका वाढला, उजेड सोसेना किंवा पू आला, तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडं न्या.