वाचकांचे प्रश्न : परदेशातून आणलेला पोर्टेबल ईव्ही चार्जर आपल्याकडे चालेल का?

प्रश्न : आम्ही नुकतीच इलेक्ट्रिक मोटार नोंदवली आहे. एक भाचा जर्मनीत असतो, दुसरा अमेरिकेत. दोघेही दिवाळीला येताना तिकडचा पोर्टेबल चार्जर आणायला तयार आहेत. ऑनलाइनही बरेच स्वस्त चार्जर दिसतात. आमचे घर जुने, दुमजली आहे. यांपैकी कोणता घ्यावा? — एक वाचक, कराड

उत्तर : अमेरिकेतल्या चार्जरचा विचार सोडून द्यावा. तिकडच्या केबलचे गाडीकडचे टोक टाइप १ किंवा टेस्लाच्या पद्धतीचे असते आणि आपल्याकडच्या बहुतेक सर्व नव्या मोटारींना एसी चार्जिंगसाठी टाइप २ लागते. शिवाय तिथल्या साध्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट असतात; तेवढ्यासाठीच बनवलेली केबलवरची चार्जरची पेटी आपल्या २३० व्होल्टवर जळण्याचीच शक्यता अधिक.

जर्मनीतला चार्जर मात्र फसवा आहे, कारण तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि टाइप २ हेच चालते. अडचण भिंतीकडच्या टोकाला येते. जर्मन प्लगला अर्थिंग आपल्यासारखे वरच्या जाड पिनेतून नव्हे, तर प्लगच्या कडेला असलेल्या पट्ट्यांतून मिळते. आपल्या लहान सॉकेटच्या दोन भोकांत त्या पिना कशाबशा, सैलच शिरतात आणि अर्थिंगला काहीच टेकत नाही. चांगला चार्जर अशा वेळी लाल दिवा लावून थांबतो. साधारण प्रतीचा चार्जर तसाच चालू होतो, आणि तेच अधिक वाईट. प्रवासात मोबाइलसाठी वापरतो तो अ‍ॅडॉप्टर मध्ये घालून रात्रभर १० अँपिअर ओढणे म्हणजे प्लग वितळवण्याची तयारी होय. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मालाबाबत एकच पाहावे : चिनी बाजारासाठीचे जीबी/टी पद्धतीचे टोक छायाचित्रात हुबेहूब टाइप २ सारखे दिसते, पण त्याची नर-मादी बाजू उलटी असते आणि ते आपल्या गाडीत बसत नाही.

आता आकड्यांविषयी. बॅटरीला लागणारी डीसी वीज गाडीतलाच ऑनबोर्ड चार्जर तयार करतो. केबलवरची पेटी गाडीला किती अँपिअर घ्यायचे ते सांगते, अर्थिंग तपासते आणि गळती झाल्यास प्रवाह तोडते. त्यामुळे गाडी जेवढे घेऊ शकते त्यापेक्षा मोठी पेटी घेऊन वेळ वाचत नाही. टाटा टियागो ईव्ही ३.३ आणि ७.२ किलोवॉट अशा दोन्ही प्रकारांत विकली गेली, त्यातल्या ३.३ किलोवॉटच्या गाडीला कोणी ३२ अँपिअरचा चार्जर लावला, तरी ती आपल्या गतीनेच भरणार. दुकानदार हे आपणहून सांगतीलच असे नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील एसी चार्जिंगचा आकडा आधी पाहावा.

माझ्या मते आपण १६ अँपिअरच्या भारतीय थ्री-पिन प्लगचा, टाइप २ टोकाचा आणि प्रवाह ६ ते १६ अँपिअरपर्यंत कमी-जास्त करता येईल असा चार्जर घ्यावा. जुन्या घरात हा शेवटचा गुण सर्वांत उपयोगी पडतो. १० अँपिअरवर २३० व्होल्टने २.३ किलोवॉट होतात. रात्रीच्या आठ तासांत मीटरवर सुमारे १८ युनिट पडतात, आणि वाटेतली घट धरूनही मध्यम आकाराची गाडी त्यावर शंभरेक किलोमीटर चालते. रोजच्या ये-जा करण्याला एवढे पुरेसे आहे. खरेदी करताना पेटीवर किंवा कागदपत्रांत आयएस १७०१७ अथवा आयईसी ६२७५२ या मानकांचा उल्लेख शोधावा, आणि प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असल्यास चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. गाडीसोबत कंपनीचाच चार्जर मिळत असेल, तर प्रश्नच मिटला.

चार्जरइतकाच खर्च, किंबहुना आधी, वायरिंगवर करावा लागेल. गीझर काही मिनिटे चालून बंद होतो, तर गाडी सलग सहा-आठ तास वीज ओढते. त्यामुळे सैल सॉकेट हळूहळू तापून काळे पडते. मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढून घ्यावी (अंतर जास्त असल्यास ४ चौरस मिलिमीटर तांब्याची), तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाल्यास आपोआप बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) द्यावा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. जुन्या घरांत अर्थिंग नसले की चार्जर लाल दिवा दाखवतो आणि एखादा वायरमन प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांची लूप मारून तो दिवा घालवून देतो. तसे कदापि करू देऊ नये. पुढे केव्हा न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरेल. अर्थिंगचा खड्डा नव्याने करून घ्यावा आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यात अधूनमधून पाणी घालावे.

प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, गाडी तळमजल्यावरील पार्किंगमध्ये असते. खिडकीतून वायर सोडून पोर्टेबल चार्जर लावता येईल का? सोसायटी वेगळी परवानगी मागते. — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : खिडकीतून नको. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. म्हणून आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपमधून वायर नेण्याची परवानगी सोसायटीकडे लेखी मागावी. त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा. तो २ किलोवॉट असेल, तर महावितरणकडे वाढवून घेण्याचा अर्ज करावा लागेल. पार्किंगमध्ये घरगुती सॉकेटऐवजी झाकण असलेले निळे इंडस्ट्रियल सॉकेट बसवल्यास ते सलग भार अधिक चांगला सोसते. त्यासाठी चार्जरचा प्लगही त्याच जातीचा हवा.

प्रश्न : चार्जरवर आयपी ६७ लिहिले आहे. अंगणात, भर पावसात तो लावून ठेवता येईल ना? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : धूळ-पाण्यापासून बचाव किती, ते सांगणारा तो आकडा बहुधा मधल्या पेटीपुरताच असतो. भिंतीवरचा प्लग आणि सॉकेट त्यात धरलेले नसतात, आणि कोकणातला पाऊस आडवा येतो. सॉकेट पत्र्याखाली किंवा झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर घ्यावे. त्याशेजारी भक्कम हूक ठोकून पेटी त्यावर टांगावी. ती नुसती लोंबकळत राहिली, तर तिच्या वजनाने प्लग खाली ओढला जातो, पिना सैल होतात आणि तिथूनच तापायला लागतात. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू करून तासाभराने, प्लग न काढता, कोरड्या हाताने त्याची पाठ चाचपून पाहावी. कोमट लागली तर चालेल. हात ठेववत नसेल, तर एमसीबी बंद करून वायरमनला बोलवावे.