घरात मराठी, दारात कन्नड: बाळ बोलेल ना?

ताई, दोन भाषांमुळे बाळ गोंधळतं, हा समज आधी सोडा. बेळगावात तुम्ही मराठीत बोला, शेजारच्या अक्का कन्नडात. शब्द मोजताना मात्र 'पाणी' आणि 'नीरु' दोन्ही धरा. फक्त मराठी मोजली की मूल उगाच मागे वाटतं.

'मला हालु पाहिजे' म्हणालं तर चूक काढू नका. 'दूध पाहिजे? हे घे दूध,' एवढं पुरे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपणच बडबडत राहणं. त्याने 'बाबाबा' केलं की उत्तर द्या, मग थांबा, पाच सेकंद तरी. मोबाईलवरची गाणी उत्तर देत नाहीत (आजी देते!).

१२ महिन्यांत बडबड नाही, १६ महिन्यांत एकही शब्द नाही किंवा २ वर्षांत दोन शब्द जोडत नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या.