पहिले वर्षभर परड्याला हात लावू नका

आपण विचारले आहे की, निवृत्तीनंतर ठाण्यातील सदनिका सोडून रत्नागिरी जिल्ह्यातील वडिलोपार्जित घरी कायमचे राहायला जाताना, घरामागच्या बारा गुंठ्यांच्या परड्यात पक्षी आणि इतर जीव यावेत, त्यांचा आनंद घेता यावा, म्हणून कोणती झाडे लावावीत, पक्ष्यांना काय खायला घालावे आणि सापांचे काय करावे. मी नऊ वर्षांपूर्वी डोंबिवलीहून संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत असाच राहायला आलो, त्या अनुभवावरून उत्तर देतो. माझे पहिले सांगणे असे की, पहिले वर्षभर काही लावू नका, काही तोडू नका आणि घराच्या अंगणापलीकडे शक्यतो काही झाडूही नका.

हे इतक्या आग्रहाने सांगतो, कारण मी नेमके याच्या उलट केले होते. आल्यावर पहिल्याच डिसेंबरात दोन गडी लावून मी सगळे परडे लख्ख करून घेतले. फणस, रातांबा आणि किंजळ यांचा घोटाभर साचलेला पाला गोळा करून जाळला, विहिरीकडच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढलेली झुडपे आणि रानवेली उपटून काढल्या, आणि एका बाजूने वाळलेला, पोटात ढोली असलेला जुना आंबा पावसात घरावर येईल या भीतीने पाडून टाकला. शेजारच्या काकी गडग्यापलीकडून बघत होत्या. "पाला कशाला जाळलात, माडाच्या आळ्यात तरी घालायचा होतात," एवढेच त्या तेव्हा म्हणाल्या. आंब्याच्या त्या ढोलीत राखी धनेशाची जोडी वर्षानुवर्षे वीण करत होती, हे त्यांनी मला नंतर, मीच धनेशांविषयी विचारल्यावर सांगितले.

ढोली गेली म्हणजे काय गेले, हे धनेशाची वीण कशी होते ते समजल्याशिवाय कळत नाही. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर लिंपून तिचे तोंड बंद करून घेते. चोचीपुरती एक उभी फट तेवढी उरते. त्यानंतर अंडी घालून पिल्ले वाढेपर्यंतचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला उंबराची, वडाची, पिंपळाची फळे आणि अधूनमधून एखादा किडा किंवा पाल भरवत राहतो. हा पक्षी स्वतः ढोली कोरू शकत नाही; म्हातारे, पोकळ झालेले झाडच त्याला लागते, आणि असे झाड तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. म्हणून आपल्या परड्यात असा एखादा आंबा, बेहडा किंवा किंजळ असेल आणि तो घरावर किंवा वाटेवर पडण्यासारखा नसेल, तर त्याला जपावे. जवळपास उंबर असेल तर तोही. आमच्या पाखाडीच्या टोकाला एक उंबर आहे. तो पिकतो तेव्हा त्यावर धनेश, तांबट, पोपट आणि आपला राज्यपक्षी असलेला हरियाल असे सगळे एकाच सकाळी दिसतात, आणि रात्री वटवाघळे व उदमांजरे यांची पाळी असते. दुसरे कोणतेही झाड लावून मला इतके पाहायला मिळाले नसते.

पाला न जाळण्याचे फळ मात्र मला लवकर मिळाले. दोन वर्षे मी परड्याच्या मागच्या अर्ध्या भागातील पाला जागच्या जागी राहू दिला. तिसऱ्या वर्षी, पाऊस सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी, पहाटे अंधुक उजेडात मागच्या दाराकडून दोन सुरांची स्पष्ट शीळ ऐकू आली. तो नवरंग होता. हिवाळा दक्षिणेत काढून विणीसाठी उत्तरेकडे सरकणारा हा लहानसा पक्षी जमिनीवर उड्या मारत चालतो आणि पाला उलटून खालचे किडे, गांडुळे वेचतो. हिरवी पाठ, निळा खांदा, शेपटीखालचा लाल रंग, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा असे सगळे रंग अंगावर असूनही सुकलेल्या पाल्यात तो उभा असला तर सहज दिसत नाही. पाला झाडून नेलेल्या जागी त्याला खायला काही नसते, म्हणून तो तेथे उतरत नाही. सातभाई, हिवाळ्यात येणारा कस्तूर, पाल्यातले बेडूक आणि सापसुरळ्या यांचेही तसेच आहे. पाला हेच त्या सगळ्यांचे ताट आहे, आणि आपण ते कचरा म्हणून पेटवून देतो.

खायला घालण्याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. भात, पोळीचे तुकडे, शेव, केळी असे काही रोज बाहेर टाकू नये. त्याने कावळे वाढतात, आणि ते लहान पक्ष्यांची अंडी व पिल्ले पळवतात. शिवाय माकडे आणि वानरे यांना माणसाच्या घराची सवय लागते. आपण पेन्शनवर राहणार, आपल्याला वानरांची टोळी बघायला मौज वाटेल. पण तीच टोळी शेजाऱ्याच्या पडवळाचा मांडव आणि माडावरची कोवळी शहाळी काही तासांत संपवते, आणि त्याचे वर्षाचे गणित त्यावर अवलंबून असते. गावात नव्याने आलेल्या माणसाने हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते. खाणे घालण्याऐवजी पाणी ठेवा. मार्च ते मे या काळात ओढे आटतात आणि विहिरी तळाला जातात, तेव्हा मातीची उथळ, दोन बोटे पाणी राहील अशी परात सावलीत आणि झुडपाच्या जवळ ठेवावी. मधमाश्या बुडू नयेत म्हणून तिच्यात एक-दोन दगड ठेवावेत आणि डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलावे. माझ्याकडे या एका परातीवर दयाळ, शिंजीर, स्वर्गीय नर्तक, हळद्या आणि दुपारच्या शांततेत मुंगूस येऊन गेले आहेत.

झाडे दुसऱ्या वर्षी लावा, आणि फुलांइतकाच पानांचाही विचार करा. फुलपाखरू फुलावर मध प्यायला येते, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडाचे पानच लागते. नीलवंत, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ते मोठे काळे-निळे फुलपाखरू, लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते. त्याच्या भाऊबंदांपैकी काहींना आपला कढीलिंबही चालतो. कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखे काही चिकटलेले दिसले तर पुसून टाकू नका. ती लहान वयाची अळी असू शकते. तीच पुढे हिरवी होते आणि धक्का लागला की डोक्यामागून दुफाटा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. आमच्याकडे एक कढीलिंब स्वयंपाकासाठी आणि एक अळ्यांसाठी आहे. दोन्हीवर औषध फवारत नाही. मधासाठी पेंटगूळ आणि जास्वंद पुरेशी आहेत, आणि जागा असेल तर कुंपणाला पांगारा लावावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळून तो लाल फुलला की त्यावर दिवसभर पक्ष्यांची वर्दळ असते.

आता साप. भीती वाटणे योग्यच आहे. ती घालवण्यापेक्षा तिला शिस्त लावणे बरे. घराभोवती साधारण पंधरा-वीस फुटांचा पट्टा मोकळा आणि स्वच्छ ठेवावा, त्यात लाकडांची रास, चिऱ्यांचा ढीग, जुनी कौले ठेवू नयेत, आणि पाला, झुडपे, गडगा यांना त्यापलीकडे मोकळीक द्यावी. कोकणात नाग, मण्यार आणि घोणस यांच्याबरोबर कातळावरच्या फुरशापासून विशेष सावध राहावे. ते लहान असते, दगडाखाली बसते आणि डिवचल्यावर अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. दगड किंवा कौल उचलताना हात आधी घालू नये, रात्री विजेरी आणि बंद बूट यांशिवाय परड्यात उतरू नये, आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये, कारण मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावल्याची उदाहरणे बरीच आहेत. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. आपल्या घरापासून सर्वांत जवळ ते कोणत्या सरकारी रुग्णालयात असते, हे राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारून ठेवा. दंश झाल्यास जखम कापणे, आवळून बांधणे, मंत्र-उतारा यांत वेळ न घालवता तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. लाल विंचवाच्या बाबतीतही हेच, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले, पण रोगी वेळेवर पोहोचला तरच त्याचा उपयोग. साप घरात शिरला तर मारू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परड्यात दिसणारी लांब, चपळ धामण मात्र बिनविषारी आणि उंदरांची वैरी आहे. ती गाईचे दूध पिते हे खरे नाही.

आनंद घेण्यासाठी महागडी दुर्बीण किंवा कॅमेरा लागतोच असे नाही. रोज एकाच जागी, एकाच वेळी, अर्धा तास हालचाल न करता बसणे याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. पहिले पंधरा दिवस काही घडत नाही असे वाटते. पुढे परड्यातले जीव आपल्याला गृहीत धरून वागू लागतात. डॉ. सालिम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे असेच रोज बघत बसले आणि त्यांना तोवर कोणी नीट नोंदवलेले नव्हते ते दिसले: नर घरटे अर्धेच विणून थांबतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तरच त्या घरट्यात राहते, आणि मग ते पुरे करून नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. हा सगळा व्यवहार आज आमच्या विहिरीवर झुकलेल्या माडाच्या झावळ्यांवर जून ते सप्टेंबरमध्ये पडवीत बसून दिसतो. भाताची पात चोचीने चिरून नर लांबच लांब धागा काढतात, आणि नापसंत ठरलेली अर्धी घरटी वाऱ्यावर हलत राहतात.

सोबत एक वही ठेवा आणि तारखा लिहा. पावश्याचे पहिले 'पेर्ते व्हा' कधी ऐकू आले, नवरंग कधी आला, पहिला काजवा कधी दिसला, एवढ्याच नोंदी पुरेत. तीन-चार वर्षांनी त्या वहीतून आपल्या परड्याचे पंचांग तयार होते. काजव्यांसाठी मात्र एक गोष्ट करावी लागते. मेच्या अखेरीपासून पाऊस पक्का बसेपर्यंत अंगणातला आणि मागच्या दाराचा दिवा रात्री बंद ठेवावा, कारण नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात आणि आपल्या पांढऱ्या दिव्यापुढे त्यांची खूण दिसत नाही. गोगलगाईंसाठी विषारी गोळ्याही टाकू नयेत. काजव्यांच्या अळ्या त्याच गोगलगाई खाऊन वाढतात.

आपण सामान दिवाळीनंतर हलवणार असल्याचे लिहिले आहे. जमल्यास निदान एक पिशवी घेऊन त्याआधीच, मेच्या शेवटच्या आठवड्यात, गावी या आणि मृग लागेपर्यंत राहा. पहिला मोठा पाऊस पडला की त्याच रात्री सखल भागात साचलेल्या पाण्यात बेडकांचा गजर सुरू होतो, आणि सकाळी पाहिलेत तर मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे झालेले आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे निळे फुगे फुगवून बसलेले दिसतात. हा रंग थोडेच दिवस टिकतो, म्हणून त्या सकाळी लवकर उठा.